एनिड फारशी बोलायची नाही

"आता आम्हाला हसवणार कोण?" डोरीन बूथ म्हणाली, आणि तिनं डग्लसच्या हातातून एनिडचे दोन पांढरे कोट आणि टोपी काढून घेतली. शाळेच्या स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं होतं. आत कोबी उकळत होता, साडेदहा वाजून गेले होते, आणि दीड तासात अडीचशे पोरं ताटं घेऊन रांगेत उभी राहणार होती. कोट शाळेचे होते, परत करायलाच हवे होते. डग्लसनं ते धुऊन, आयुष्यात पहिल्यांदा स्वतः इस्त्री करून, कागदी पिशवीत घालून आणले होते. डोरीनचं वाक्य ऐकून त्याला क्षणभर वाटलं, ती त्याच्याविषयीच बोलते आहे. पस्तीस वर्षांची खोड. हसण्याचा विषय निघाला की तो आपलाच, अशी त्याच्या कानांची समजूत झालेली. 'मी आहे की अजून,' असं काहीतरी तो म्हणणार होता, तोंड उघडलंही होतं. मग त्याच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातल्या चौघी बायकांपैकी एकीचंही लक्ष त्याच्याकडे नाही. त्या बटाटे सोलायच्या यंत्राशेजारच्या रिकाम्या खुंटीकडे बघत होत्या.

"कोण, एनिड?" त्यानं विचारलं.

"मग दुसरी कोण? एकोणीस वर्षं आम्ही तिच्यापायी पोट धरधरून हसलोय. मिसेस क्लेगना तर एकदा कस्टर्डचं पातेलं खाली ठेवावं लागलं, हातातून सुटेल म्हणून."

"काय म्हणायची?"

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांतली सगळ्यांत तरुण बाई ओठ चावत सिंककडे वळली. तिचे खांदे हलत होते. ती रडत नाहीये हे डग्लसला पाठीवरूनच कळलं. खांद्यांवरून हसू ओळखायचं हा तर त्याचा, विनोद सांगून पोट भरणाऱ्याचा, धंदा.

"ते तुला सांगायचं नाही," डोरीन म्हणाली. "तिचा नियमच होता. स्वयंपाकघरातलं स्वयंपाकघरात. डगीच्या कानावर जाऊ देऊ नका गं, म्हणायची, नाहीतर शनिवारी रॉदरहॅमचे लोक हसतील आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही." मग तिनं त्याच्या दंडाला हात लावला. "बरा आहेस ना? जेवतोस का वेळेवर?"

तो हो म्हणाला आणि बस न पकडता चालत निघाला. क्लेकहीटनचे रस्ते सकाळच्या त्या वेळी म्हाताऱ्यांचे असतात. जो तो पिशवी घेऊन कुठून तरी परत येत असतो. दोघांनी त्याला हात केला, एकानं टोपी काढली. बायको गेल्याला तीन आठवडे झाले होते आणि लोकांना अजून कळत नव्हतं की डगी हेपवर्थ दिसल्यावर हसायचं की गप्प राहायचं. त्यामुळे त्यांचे चेहरे अर्ध्यावर थांबत. त्याचं मात्र कुणाकडेच ध्यान नव्हतं. एनिड हसवायची. हे दोन शब्द त्याला एकत्र लावताच येत नव्हते. तेहतीस वर्षं तो ज्या बाईबरोबर राहिला ती बोलायचीच नाही. भांडायची नाही, रुसायची नाही, हे खरं. पण बोलायची म्हणजे काय, तर चहा टाकलाय. पाऊस येईल. तुझा शर्ट वरच्या खोलीत आहे, बटण लावलंय. एवढंच. त्यात रस म्हणावा असा थेंबभरही नाही. रंगमंचावर त्याची बायको मात्र अखंड बोलत असे. तिचं नाव त्यानं ग्लॅडिस ठेवलं होतं. आडवीतिडवी, दारात मावणार नाही अशी, लाटणं घेऊन उभी. 'माझ्या बायकोनं मध्ये एकदा श्वास घेतला होता. एकोणीसशे चौसष्ट साली. मी तेवढ्यात म्हणालो, अगं...' इतकं म्हणून तो थांबे, आणि यॉर्कशरमधल्या कुठल्याही कामगार-क्लबात लोक टेबलांवर हात आपटत. ग्लॅडिस आपण शून्यातून उभी केली याचा त्याला अभिमान होता. घरी इतकी मुकी बाई असताना अशी जिवंत बायको रचायची म्हणजे खायचं काम नाही, असं तो मनात म्हणे. बाजारात लोक एनिडकडे पाहत. ती काडीसारखी बारीक, राखाडी कोट घातलेली, कांदे निवडत असायची, आणि बघणाऱ्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागायचे. ती कांदे घेऊन घरी यायची. आज स्वयंपाकघराच्या दारात त्या तरुण बाईच्या ओठांचे कोपरे तसेच हलले होते, आणि या खेपेला ते त्याच्याकडे पाहून हलले होते. आपल्याविषयी बोलायची, हे त्याला कुणी न सांगताच कळलं. त्याला राग आला नाही. नुसतं थकल्यासारखं वाटलं, एवढ्या उशिरा समजलेल्या गोष्टीचं आता करायचं काय म्हणून.

घरी येऊन तो कोट न काढताच बसला. तिचं एखादं वाक्य आठवावं, पूर्ण, तिच्या आवाजातलं, असं त्याला वाटलं. दुसरं काही नको. आणि त्याच्या लक्षात आलं की आठवत नाहीये. बोलणारी बायको मनात आणली की ग्लॅडिसच पुढे येत होती, कंबरेवर हात ठेवून, त्याच्याच आवाजात. तिला बाजूला सारावं तर मागे नुसती केटल, खिडकी आणि चहा टाकलाय. तो मागे मागे जात राहिला. अगदी सुरुवातीला ती बोलायची. हो, बोलायची की. अठ्ठावन्न साली तो गिरणीत माग दुरुस्त करायचा आणि ती गिरणीच्याच कँटीनमध्ये होती. संध्याकाळच्या बसमध्ये ती त्याच्या पुढच्या बाकावर बसायची आणि मान न वळवता काहीतरी बोलायची, की शेजारच्या बायका रुमालात तोंड घालायच्या. एकदा मालकाची मोटार बसशेजारून गेली, मागच्या सीटवर त्यांचा कुत्रा. एनिड म्हणाली, "बघा, त्याला दोन नावं आहेत. मला गिरणीत नुसता नंबर." बस हसली. त्याच शनिवारी क्लबात हौशी लोकांची स्पर्धा होती. डग्लसनं घरून लिहून आणलेले सगळे विनोद एकामागून एक पडले, आणि मग घाम पुसता पुसता त्यानं ते कुत्र्याचं सांगितलं. आयुष्यातलं पहिलं हसू. पुढे हजारो वेळा आलं, पण त्या पहिल्या वेळेस खोलीतली हवाच बदलल्यासारखी वाटली, पायांखालची फळी ऊब धरल्यासारखी. एनिड भिंतीशी लेमोनेड मिसळलेल्या बिअरचा ग्लास घेऊन बसली होती. सगळ्यांबरोबर तीही हसायला लागली आणि मध्येच थांबली. ते त्यानं वरून पाहिलं होतं. परत जाताना ती म्हणाली, "ते माझं होतं." तो म्हणाला, "आपलंच की." त्यांचं तोवर काहीच ठरलेलं नव्हतं. 'आपलं' ऐकून ती मानेपर्यंत लाल झाली, आणि पुढच्या नाताळात त्यांचा साखरपुडा झाला. ही गोष्ट तो किती जणांना सांगत आला होता, त्यानं बायकोला मागणी कशी घातली म्हणून. तिचं पहिलं वाक्य तो त्यातून नेहमी गाळायचा. लबाडीनं नाही, त्याच्याशिवाय गोष्ट सुटसुटीत व्हायची.

गुरुवारी आणि शुक्रवारी, दोन्ही रात्री तो झोपला, उठला, चहा केला, आणि हेच उकरत राहिला. विनोदी माणसं हसत नाहीत. हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. चार जण क्लबाच्या मागच्या खोलीत बसलेत, एकानं खरंच झकास काही सांगितलं, तर बाकीचे तिघं मान हलवतात, 'चालेल हे' म्हणतात, आणि एखादा विचारतो, 'कुणाचं आहे?' सुतारानं लाकूड उलटसुलट करून पाहावं तसं ते पाहणं असतं. डग्लसही हसायचा थांबला तो साठ-एकसष्टच्या सुमाराला. वरच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा आणि सिगारेटचं रिकामं पाकीट. एनिड काही बोलली की हात खिशाकडे. ती बोलता बोलता हाताकडे पाही. सुरुवातीला तिला त्याचं कौतुकही वाटलं असावं. गिरणी सुटली, मोटार आली, आठवड्याला सहा क्लब, उन्हाळ्यात ब्रिडलिंग्टनच्या समुद्रकाठी तीन-तीन महिने मुक्काम. त्रेसष्ट साली तिचं मूल सातव्या महिन्यात गेलं. डग्लस हॅलिफॅक्सहून थेट इस्पितळात पोचला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि बाळासाठी तिनं स्वतः विणलेले इवले मोजे तिच्या दोन्ही हातांच्या अंगठ्यांवर चढवलेले होते. "निदान यांना तरी बसतात," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी होतं. तेव्हा दोनच गोष्टी करण्यासारख्या होत्या, तिच्याबरोबर हसायचं किंवा रडायचं. त्यानं दोन्ही केल्या नाहीत. त्याचा हात खिशाकडे गेला. लिहिलं मात्र नाही. एवढी अक्कल होती. पण ते राहिलं डोक्यात, आणि तीन आठवड्यांनी डॉनकास्टरला कार्यक्रम थंड पडत असताना तोंडातून आलं. 'बायकोनं माझ्यासाठी मोजे विणलेत. अंगठ्याला अगदी बरोबर बसतात. म्हणाली, उरलेल्या पायाचं पुढच्या हिवाळ्यात बघू.' लोक खुर्च्यांवरून घसरले. अकरा वर्षं त्यानं ते सांगितलं. सांगता सांगता ते कुठून आलं हे तो खरोखरच विसरून गेला. बहात्तर साली टेलिव्हिजनवर क्लबांतल्या विनोदवीरांचा कार्यक्रम झाला, त्यात त्याला सात मिनिटं मिळाली. अख्खी गल्ली समोरच्या घरातल्या रंगीत संचापुढे बसली होती, एनिडही. सात मिनिटांत मोजे होतेच. दुसऱ्या दिवशी तो परत आला, बॅग दारातच टाकली आणि म्हणाला, "काय, कसं झालं?" ती केटलपाशी उभी होती.

"चहा टाकलाय," ती म्हणाली.

ते पहिलं चहा टाकलाय. आता खुर्चीत बसून त्याला ते इतकं लख्ख आठवलं की त्यानं केटलकडे बघायचं टाळलं. आवाज चढलेला नव्हता. दार आपटलं नाही. तिनं फक्त त्या दिवसापासून घरात चोरण्यासारखं काही ठेवलं नाही. दोन वर्षांनी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. गरज काय, असं त्यानं विचारलं होतं. तेव्हा पैसा बरा येत होता. "जरा बायकांत बरं वाटतं," ती म्हणाली, आणि तो ते ऐकून विसरला. मग त्याचेच दिवस फिरले. विद्यापीठातून शिकून आलेली पोरं माइक हातात घेऊन राजकारणावर बोलायला लागली. बायकोवर विनोद करणं वाईट, असं ती म्हणायची. लीड्सला विद्यार्थ्यांच्या एका समारंभात ग्लॅडिस सुरू केल्याबरोबर पहिल्या रांगेतल्या मुली उठून पाठ फिरवून उभ्या राहिल्या. घरी येऊन तो तासभर तणतणला. या पोरींना काय कळतंय, ही सगळी गंमत आहे, खऱ्या बायकोला यातलं काय लागतंय? एनिडनं ते सगळं ऐकून घेतलं आणि शर्टाला बटण लावत राहिली. आज त्याला लाज वाटली. त्या मुलींची नाही, त्या बटणाची.

शनिवारी दुपारी डोरीन आली. हातात झाकलेलं स्ट्यूचं भांडं, काखेत एनिडच्या कपाटातल्या वस्तूंची पिशवी. सपाता, चष्म्याचं घर, एक कान तुटलेला मग. "बसत नाही," असं म्हणत ती बसली. "भांडं सोमवारी आणून दे. घासून." मग तिनं स्वयंपाकघरभर नजर फिरवली, ती सिंकच्या वर, डावीकडच्या कपाटावर थांबली आणि तिच्या नाकपुड्या थरथरल्या.

"काय झालं?"

"काही नाही. ते कपाट बघत होते. ते होय ते."

"त्यात काय आहे?"

"काही नाही रे."

"डोरीन," तो म्हणाला, "एकच सांग. तिचं एकच काहीतरी. मला काही म्हणजे काही आठवत नाहीये. मी बसून बसून... रंगमंचावर नेणार नाही. शपथ."

"कुणाची?"

"एनिडची."

"तिची नको घेऊस. ती काय थोडी वापरलीस?" डोरीन हे रागानं म्हणाली नाही. सपातांवरचं पीठ तिनं नखानं खरवडलं. "गुरुवारी तुझं तोंड बघितलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. एकच हं. मागच्या वर्षीची गोष्ट. नवीन पोरगी लागली होती, तिनं विचारलं, एनिड, तुमचे मिस्टर घरी पण विनोद करतात का हो? एनिड बटाट्याचे डोळे काढत बसली होती. मान वर केली नाही. म्हणाली, करतात ना. एकच आहे, पण खास माझ्यासाठी राखून ठेवलेला. रोज जेवायला बसले की विचारतात, मीठ कुठंय. बत्तीस वर्षं झाली, बाळा. कपाट एकच. आणि टायमिंग अजून एकदाही चुकलेलं नाही."

डोरीन सांगता सांगताच हसायला लागली होती. एनिडचा तो सपाट, मान न वळवता बोलायचा स्वर तिला बरोबर साधला होता. बसमधला स्वर. पस्तीस वर्षांनी तो खोलीत आला आणि डग्लसच्या मानेवर काटा उभा राहिला. तीच होती. आता नुसतं हसायचं होतं.

"चालेल हे," तो म्हणाला.

त्याचा हात वरच्या खिशापाशी होता. डोक्यात एक कोपरा कामालाही लागला होता. कपाट आधी, बत्तीस वर्षं मग, 'टायमिंग'च्या आधी एक घोट पाणी प्यायचं. डोरीनचं हसू जागच्या जागी विझलं. तिनं त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हेच," ती उठत म्हणाली. "अगदी हेच करशील, म्हणायची ती."

ती गेल्यावर त्यानं कपाट उघडलं. मीठ समोरच होतं, निळ्या डब्यात, हाताला येईल असं. त्यानं कपाट पुन्हा लावलं.

रविवारी दुपारचा कार्यक्रम डोंगरापलीकडच्या एका खाणीच्या गावी होता. खाण मागच्या वर्षी बंद झाली, क्लब अजून उभा होता. पूर्वी रविवारी दुपारी तिथे उभं राहायला जागा नसे. आता साठेक माणसं, त्यांतली निम्मी हाउजीसाठी आलेली. कार्यक्रमांचा सेक्रेटरी हॅरल्ड सगडन दारात भेटला. त्याला एनिडचं माहीत नव्हतं, आणि डग्लसनं सांगितलं नाही. "नवीन काही आणलंयस का?" सगडन म्हणाला. "कमिटीत कुरकुर चाललीय. तुझ्या बायकोचं वजन आता सगळ्यांना पाठ झालंय. आज नाही जमलं तर पुढल्या वेळेपासून एक बाई येणार आहे, ऑर्गन वाजवते."

"बघू," डग्लस म्हणाला.

त्यानं ग्लॅडिसला बाहेर काढलं. तिला दारात अडकवलं, तिला समुद्रात उतरवून भरती आणली, चौसष्ट सालचा श्वास घ्यायला लावला. लोक ओळखीच्या पाहुण्याकडे पाहावं तसे पाहत होते. कुणी हाउजीचं कार्ड चाळत होतं. पहिल्या टेबलावर दोन म्हाताऱ्या, एक टोपीवाली आणि एक बिनटोपीची, मान एकीकडे कलती करून, त्याला समजून घेतल्यासारख्या. असं समजून घेणं कुठल्याही शिव्यांपेक्षा वाईट. तो बोलत होता आणि बोलताना त्याच्या लक्षात येत होतं की ग्लॅडिस त्यानं रचलेली नाहीच. जी तोंड उघडू शकत नव्हती तिची जागा भरायला त्यानं एक ओरडणारी बाई आणून बसवली होती, एवढंच. बारा मिनिटं झाली. शर्ट पाठीला चिकटला. आणि मग ते वाक्य तोंडात आलं. आलं म्हणजे जिभेवर येऊन बसलंच. हे पडणार नाही, त्याला पक्कं माहीत होतं. इतक्या वर्षांत एवढी एक गोष्ट त्याला नीट कळायला लागली होती. इथल्या प्रत्येक घरात एक कपाट होतं. प्रत्येक बाई आधी हसेल आणि मग नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारेल. सगडन पुढच्या वर्षाची तारीख देईल. आणि ते आवडलं की पुन्हा सांगावं लागेल, बार्न्स्लीला, गूलला, दहादा, शंभरदा, आणि एके दिवशी ते कुठून आलं हे आठवणार नाही. तेवढं एकच उरलं होतं. हे सगळं त्याला कळत होतं, आणि तोंड कळण्याची वाट पाहत नव्हतं.

"माझी बायको म्हणायची..." तो म्हणाला.

म्हणायची. आजवर ग्लॅडिस नेहमी 'म्हणते'. एका शब्दानं स्वर कुठे तरी खाली उतरला असावा. कार्डं खाली झाली. टोपीवाल्या म्हातारीनं मान सरळ केली. साठ माणसं एकदम गप्प झाली, ती शांतता, जिच्यासाठी माणूस पस्तीस वर्षं धुक्यातून मोटार हाकतो. त्यानं ग्लास उचलून पाण्याचा घोट घेतला.

"पाई आल्यात," बाजूच्या माइकवरून सगडन म्हणाला.

झालं. खिम्याच्या गरम पाई आल्या की त्या क्लबात सगळं थांबतं. गाणारा वरच्या सुरात असो, शोकप्रस्ताव चालू असो, मागच्या खिडकीशी ट्रे आले की रांग लागते, नाहीतर त्या गार होतात, आणि याबद्दल कुणाला कधी काही वावगं वाटलेलं नाही. खुर्च्या सरकल्या. दोन मिनिटांत हॉलभर खिम्याचा आणि उकडलेल्या वाटाण्याचा वास पसरला, आणि डग्लस पाण्याचा घोट तोंडातच धरून माइकपाशी उभा राहिला. रंगमंचामागे बसायला खोली नव्हती. तो खाली उतरून त्या दोन म्हाताऱ्यांच्या टेबलाशी बसला. बिनटोपीचीनं त्याच्यापुढेही एक ताटली आणून ठेवली.

"खा. वाळलायस," ती म्हणाली.

त्यानं काटा उचलला, वाटाण्यांचा घास घेतला. अळणी होते. आणि मान वर न करता, ताटलीत बघत, तो म्हणाला, "मीठ कुठंय?"

"समोर तर आहे," टोपीवाली म्हणाली.

ते समोर होतं. ताटलीपासून वीतभर अंतरावर. डग्लसनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या छातीत खोल कुठे तरी काहीतरी सुटलं. आधी नाकातून आवाज आला, मग खांदे हलायला लागले, मग काटा हातातून पडला. तो हसत होता. थांबवता येईना. त्याला ती दिसत होती. बटाटा हातात, मान खाली, बत्तीस वर्षं, बाळा. आणि ते इतकं खरं होतं, इतकं नेमकं होतं की त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि त्यातलं हसण्याचं कुठलं आणि दुसरं कुठलं हे त्यालाही सांगता आलं नसतं. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक वळून बघू लागले.

"घशात अडकलं का रे?" टोपीवाली म्हणाली.

त्यानं मान हलवली.

"आम्हाला हसवायचं सोडून स्वतःच हसून घेतोय बघ," बिनटोपीची म्हणाली. "स्वतःच्याच विनोदावर."

"माझा नाहीये," तो कसाबसा म्हणाला. "बायकोचा आहे."

"मग सांग की आम्हाला."

"नाही," डग्लस म्हणाला, आणि रुमालानं तोंड पुसलं. मग त्यानं मीठ घेतलं आणि वाटाणे संपवले. भूक लागली होती, हे त्याला खाताना कळलं.

ताटल्या गोळा झाल्या. सगडननं मनगटावरचं घड्याळ दाखवलं: आठ मिनिटं, मग हाउजी. डग्लस वर गेला. दिवा त्याच्या तोंडावर आला. आता काय सांगायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं. फक्त काय सांगायचं नाही, एवढं ठरलं होतं, आणि ते मघाशी खाताना कधी तरी आपसूक ठरून गेलं होतं.

"ते अर्धं राहिलं," टोपीवालीनं खालून हाक दिली. "काय म्हणायची तुझी बायको?"

साठ चेहरे. पोटं भरलेली, हसायला तयार. वाक्य अजून जिभेवरच होतं, पाणी न पिता ओठांशी येऊन थांबलेलं.

"ती?" डग्लस म्हणाला. "काही नाही. ती फारशी बोलायची नाही."

मागून, खिडकीजवळच्या टेबलावरून, एका जाड्या माणसाचा आवाज आला, "अरे मग सोडू नकोस तिला. सांभाळून ठेव!"

हॉल फुटला. त्या दुपारचं ते सगळ्यांत मोठं हसू. बायका नवऱ्यांना ढोसत होत्या, सगडन बारला टेकून डोळे पुसत होता. डग्लस माइकचा दांडा धरून उभा राहिला. हसू ओसरेपर्यंत थांबायचं असतं, वर बोलायचं नसतं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. तो थांबला.

"ठेवतो," तो म्हणाला, आणि मग त्यानं सासूचा एक जुना विनोद सुरू केला.